वाकायचं कोणी? ख्रिस्ती नम्रतेची थोडी पार्श्वभूमी

नम्रता म्हटलं की खाली मान घालून गप्प बसणं असंच डोळ्यापुढं येतं, आणि चर्चला जाणाऱ्या लोकांनापण पिढ्यान् पिढ्या बरंचसं तसंच शिकवलं गेलंय, पण सुरुवात बघितली तर आधी वाकायचं होतं ते मोठ्यानं.

पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, संध्याकाळी आपल्या बेळगाव-खानापूरकडच्या कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये जाऊन बघा. फादर वरचा झगा काढून बाजूला ठेवतात, कमरेला टॉवेल बांधतात आणि ओळीनं बसलेल्या एकेकाच्या पुढ्यात वाकून पायावर पाणी घालतात, खाली भांडं धरलेलं असतं, मग पाय पुसून त्याचा मुका घेतात. ज्यांचे पाय धुवायचे ती माणसं घरनंच स्वच्छ पाय धुवून आलेली असतात आणि तरी त्यांना अवघडतंय हे लांबून दिसतं. येशूनं शेवटच्या जेवणावेळी शिष्यांचे पाय धुतले तेव्हा पेत्र या शिष्यालापण असंच झालं होतं, बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायात आहे ते, तो येशूला सरळ म्हणतो माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. कारण हे काम घरातल्या गुलामाचं. आपल्याकडं लग्नात मुलीचा बाप जावयाचे पाय धुतो, म्हणजे ज्याचा मान कमी त्यानं मान जास्त असलेल्याचे धुवायचे, आणि इथं बरोब्बर उलटं झालं.

सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती प्रचारक पौल, त्यानं फिलिप्पैकरांना लिहिलेलं पत्र तर मला सगळ्यात जवळचं वाटतं. फिलिप्पै म्हणजे निवृत्त रोमन सैनिकांना जमिनी देऊन वसवलेलं गाव, तिथं कोणाचं पद काय आणि कोणाचा मान किती याच्यावरच सगळं चालायचं, नम्रता हा तिथं गुण धरतच नव्हते. अशा गावात पौल तुरुंगातनं लिहितो की दुसऱ्याला आपल्यापेक्षा मोठं माना, ख्रिस्तानं तर दासाचं रूप घेतलं. आणि त्याच पत्रात पुढं युवदिया आणि सुंतुखे या दोघींना, नावं घेऊन, एक मनाच्या व्हा म्हणून विनंती करतो, म्हणजे एवढी मोठी शिकवण आणि तिच्या शेजारीच मंडळीतल्या दोन बायकांचं बिनसलेलं.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टनं मठासाठी नियम लिहिले, त्यात नम्रतेच्या १२ पायऱ्या आहेत, पण मला जास्त पटते ती स्वयंपाकघराची पाळी, आठवड्याला बदलायची, आजारी किंवा महत्त्वाच्या कामात असलेले सोडून सगळ्यांना, आणि पाळी संपवणाऱ्यानं आणि नवीन येणाऱ्यानं मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे.

पुढं मात्र गोष्ट बिघडली, हे स्पष्ट बोललं पाहिजे. जगात ठिकठिकाणी मालकांनी गुलामांना नम्र राहा म्हणून सांगितलं आणि स्वतः ताठच राहिले. गोव्यात बाप्तिस्मा झाला तरी जात राहिली, चर्चमधले कोंफ्रारी, म्हणजे भाविकांचे संघ, तेपण जातीवर चालायचे, आणि खानापूर-बेळगावकडं आलेल्या कितीतरी कॅथलिक घरांचं मूळ गोव्यातच आहे. त्याच गोव्यातले संत जोसेफ वाझ (१६५१–१७११) ब्राह्मण घरातले, ते आधी कानडा किनाऱ्यावर काम करून आले, नंतर डच सत्तेखालच्या श्रीलंकेत हमालाच्या, भिकाऱ्याच्या वेशात फिरले.

प्रोटेस्टंट बाजूनं लंडन मिशनरी सोसायटी बेळगावात १८२० ला आली. मराठीत ख्रिस्तभक्ती अभंगात आणली ती कवी ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९), आणि आपल्या भागात ही नम्रतेची शिकवण परकी वाटायचं कारणच नाही, पंढरीच्या वाटेवर वारकरी वय न बघता एकमेकांच्या पाया पडतात हे इथल्या लोकांनी लहानपणापासून बघितलंय.

कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमधनं लोकांच्या भाषेत आली आणि सीमाभागात लगेच प्रश्न, कुठल्या लोकांच्या? घरात कोकणी, शाळा मराठी, ऑफिसात कन्नड. माझ्या मते नम्रतेची खरी परीक्षा इथं आहे, ज्या भाषेची माणसं चर्चमध्ये जास्त त्यांनी आधी सरकून जागा करायची. २०१६ पासून पवित्र गुरुवारी बायकांचे पाय धुवायलापण रोमनं अधिकृत परवानगी दिलीय, तेव्हा त्या ओळीत आता कोणाकोणाला बसवायचं हे प्रत्येक गावच्या मंडळीनं बसून ठरवायचं आहे.