मराठवाड्यातील बर्ड फ्लू व मृत पक्ष्यांची हाताळणी

बर्ड फ्लू हा इन्फ्लुएन्झा ए विषाणूमुळे होणारा पक्ष्यांचा संसर्गजन्य रोग. एच५एन१ हा त्याचा घातक उपप्रकार. महाराष्ट्रात तो २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे प्रथम आढळला. मराठवाड्यात जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी शेकडो कोंबड्या दगावल्या. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले. दोन्ही वेळा कारण बर्ड फ्लूच निघाले.

आजारी पक्ष्याची विष्ठा, लाळ आणि नाकातला स्राव यांतून विषाणू पसरतो. तुरा निळसर पडणे, डोके सुजणे, मान वाकडी होणे ही लक्षणे मानमोडीतही (कोंबड्यांच्या राणीखेत रोगातही) दिसतात. त्यामुळे ‘मानमोडीच असेल’ म्हणून गप्प बसणे धोक्याचे आहे. खात्रीचे निदान भोपाळच्या प्रयोगशाळेत होते.

मोठ्या शेडवर डॉक्टरांची ये-जा असते. खरी काळजी परसातल्या गावरान कोंबड्यांची. मेलेली कोंबडी उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकली की कुत्री आणि कावळे ती ओढून नेतात, आणि थंड पाण्यात विषाणू बरेच दिवस तग धरतो. मरायला टेकलेली कोंबडी ‘वाया कशाला घालवायची’ म्हणून कापणे त्याहून वाईट, कारण पिसे काढताना व सोलताना संसर्गाचा धोका सर्वाधिक असतो.

मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये, लेकरांना जवळ जाऊ देऊ नये. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावे. नमुना घेतला जाईपर्यंत पक्षी पुरू नये; कुत्र्या-मांजरांपासून राखावा. हलवणे भागच पडले तर तोंडाला मास्क लावून, हातमोजे घालून तो दुहेरी पिशवीत बांधावा आणि नंतर हात साबणाने चोळून धुवावेत. विल्हेवाट पशुवैद्यकांच्या सांगण्यानुसार, विहीर व ओढ्यापासून दूर, खोल खड्ड्यात चुना टाकून करतात.

रोग पक्का झाल्यावर साधारण १ किलोमीटर परिसरातील कोंबड्या नष्ट केल्या जातात आणि १० किलोमीटरपर्यंत पाळत ठेवली जाते. शासन भरपाई देते, पण ती नष्ट केलेल्या पक्ष्यांची. आपोआप मेलेल्यांची नव्हे. म्हणूनही लवकर कळवण्यात पाळणाऱ्याचेच हित आहे.

निरोगी पक्ष्याचे पूर्ण शिजवलेले मांस व अंडी खाण्यास हरकत नसते. ७० अंश सेल्सिअसला विषाणू मरतो. माणसाला लागण क्वचितच होते, पण झाली तर जिवावर बेतू शकते. आजारी वा मेलेल्या पक्ष्यांशी संबंध आल्यानंतर दहा दिवसांत ताप, खोकला किंवा धाप लागल्यास दवाखान्यात जाऊन तो संबंध डॉक्टरांना आधी सांगावा.