कारवारचं ग्रहण लडाखला

नरकासुर जाळून झाला होता, पाडवा उद्यावर आला होता आणि मधल्या दिवशी ग्रहण. २५ ऑक्टोबर २०२२. आजीने लोणच्याच्या बरणीवर तुळशीचं पान ठेवलं, फराळाचे डबेही त्यातून सुटले नाहीत. संध्याकाळी मी ग्रहणाचा चष्मा घेऊन पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर गेले. समुद्रावर टेकत आलेल्या सूर्याच्या कडेचा लहानसा घास गेला होता आणि तसाच तो पाण्याआड झाला. ग्रहण सुटताना काही दिसलं नाही. पंचांगात याला ‘ग्रस्तास्त’ म्हणतात. एका शब्दात सगळी संध्याकाळ!

पण माझं आवडतं ग्रहण २०१९ चं, २६ डिसेंबरचं. काठावर सूर्याचं कंकण उरलं ते तिकडे केरळात, कासरगोडच्या बाजूला. आपल्याकडे खंडग्रासच, पण चांगलं भरघोस. सकाळी नऊनंतर ऊन मलूल झालं, जणू कुणीतरी त्यात पाणी घातलं. चष्मा एक आणि बघणारे सात, म्हणून मी खाली बघत होते. अंगणात चुडतांचा, म्हणजे माडाच्या झावळांचा, मांडव होता आणि सारवलेल्या जमिनीवर एरवी पडतात ते गोल कवडसे त्या दिवशी गोल नव्हते. शेकडो चंद्रकोरी, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून. वारा आला की सगळ्या एकदम हलायच्या. चुडतांमधलं प्रत्येक बारीक भोक सूर्याचं उलटं चित्र जमिनीवर पाडत होतं. म्हणजे रोजचे गोल कवडसे हीदेखील सूर्याचीच चित्रं. भोक वाकडंतिकडं असलं तरी कवडसा गोल का, हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं.

सूर्यग्रहण अमावास्येलाच होतं, मग दर अमावास्येला का नाही? कारण चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे पाच अंशांनी तिरकी आहे. बहुतेक अमावास्यांना चंद्राची सावली पृथ्वीच्या वरून किंवा खालून निघून जाते. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीला जिथे छेदते ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. राक्षस बाजूला ठेवला तरी नावं चोख कामाची आहेत. पृथ्वीवरून पाहता सूर्य या बिंदूंपैकी एकाजवळ साधारण १७३ दिवसांनी येतो आणि त्या सुमारास अमावास्या पडली की कुठेतरी सूर्यग्रहण ठरलेलं.

आता गंमत आकड्यांची. अमावास्या ते अमावास्या २९.५३ दिवस, असे २२३ महिने म्हणजे ६५८५.३२ दिवस. चंद्र राहूपासून निघून पुन्हा राहूशी येतो २७.२१ दिवसांत, अशा २४२ फेऱ्या म्हणजे ६५८५.३६ दिवस. पृथ्वीपासूनचं त्याचं अंतर कमीजास्त होण्याचं चक्र २७.५५ दिवसांचं, त्याच्या २३९ फेऱ्या, ६५८५.५४ दिवस. तीन वेगळी घड्याळं १८ वर्षं ११ दिवसांनी जवळजवळ एकत्र ठोके देतात. म्हणून तसंच ग्रहण परत येतं, खग्रासाचं बहुधा खग्रासच. हे सॅरोस चक्र बॅबिलोनच्या लोकांनी जुन्या नोंदी चाळून ओळखलं होतं.

मग तेच ग्रहण आपल्याला पुन्हा का दिसत नाही? त्या वरच्या .३२ मुळे. दिवसाचा तिसरा हिस्सा, म्हणजे आठेक तास. तेवढ्यात पृथ्वी तिसरा भाग फिरून जाते आणि सावली तितकीच पश्चिमेला पडते. तीन चक्रं गेली की, म्हणजे ५४ वर्षं आणि महिनाभराने, ती साधारण आपल्याच बाजूला येते.

गोव्याच्या हद्दीवरचा पोळेचा नाका ओलांडला की कर्नाटकातलं कारवार. १६ फेब्रुवारी १९८० रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कारवार-अंकोल्यावरून देशात शिरला आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरून बाहेर पडला. आजीने ती दुपार खिडक्या लावून काढली; रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं म्हणते. (नव्हतं हे तिला कसं कळलं, असं मी विचारलं नाही.) तेच ग्रहण १९९८ मध्ये कॅरिबियनमध्ये झालं, २०१६ मध्ये इंडोनेशियात. पुढची पाळी २० मार्च २०३४ ची, म्हणजे गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी पुन्हा भारतात. मात्र कारवारला नव्हे, लडाखला. ते आठ तास तंतोतंत आठ नसतात, राहू-केतूशी जुळणी दर वेळी अर्ध्या अंशाने सरकते आणि माघाचं ग्रहण फाल्गुन अमावास्येवर गेल्याने पृथ्वीचा सूर्याकडचा कलही बदललेला असतो. गोव्यात खंडग्रासच.

त्याच अर्ध्या अंशामुळे चक्रांना जन्ममरण असतं. दिवाळीतल्या त्या ग्रहणाचं चक्र १०४९ साली सुरू झालं. १९८६ मध्ये सावलीचा गाभा पृथ्वीला जेमतेम लागला, तो शेवटचाच. आता तो पृथ्वीला चुकवतो. म्हणूनच २०२२ चं ग्रहण जगात कुठेच खग्रास नव्हतं. हे चक्र २३४७ मध्ये संपेल. मिरामारला मी पाहिला तो म्हातारपणीचा घास.

२०३४ च्या आधी, २ ऑगस्ट २०२७ ला, दुपारनंतर गोव्यातून खंडग्रास आहे. २००९ च्या सुरतेवरून गेलेल्या ग्रहणाचाच हा पुढचा फेरा. आषाढ अमावास्या, ऐन पावसाळा. ढग पातळ झाला तरी चष्म्याशिवाय वर बघायचं नाही, एवढं ठरलंय. आजी म्हणते, या खेपेला मलाही बाहेर ने. तुळशीचं पान मात्र ती ठेवणारच.