फाउंड्रीतली धूळ आणि आपली छाती : मास्क घ्यायच्या आधी एवढं वाचा

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इकडच्या फाउंड्र्यांना (धातू वितळवून वाळूच्या साच्यात ओतायचे कारखाने) आम्ही मास्क, गॉगल, हातमोजे देतो, छोटे डस्ट कलेक्टरही (धूळ ओढून घेणारी मशिनं) बसवून देतो. काउंटरवर रोज कोणीतरी विचारतंच, "सगळ्यात भारी मास्क कुठला तेवढं सांगा, घेऊन टाकतो." त्याचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही म्हणून हे छापलंय. मास्क विकणं हा आमचा धंदाच आहे, तरी पहिलं हेच सांगतो की मास्क ही शेवटची गोष्ट आहे, आधी धूळ उडायची कमी करा.

डोळ्याला जी धूळ दिसते, म्हणजे भुवयांवर बसते, घामात चिखल होतो ती, त्यातली बरीचशी नाकातच अडकते. खरी वाईट धूळ दिसत नाही ती. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला तर ५ मायक्रॉनच्या आतला कण थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातो आणि तिथंच बसतो. आपली मोल्डिंगची, म्हणजे साचे करायची वाळू म्हणजे सिलिका. हे कण आत गेले की शरीर त्यांच्याशी झगडतं, त्या झगड्यात जखमेच्या व्रणासारख्या गाठी धरतात, फुफ्फुस ताठ होतं, मग दम लागतो. ह्याला सिलिकोसिस म्हणतात. झालेला व्रण काढून टाकणारं औषध नाही, आणि काम सोडल्यावरही आजार पुढं सरकू शकतो. बहुतेकांना दहा-दहा वर्षं काहीच जाणवत नाही, पण धूळ जास्त असली की त्याच्या कितीतरी आधी त्रास सुरू होतो. सिलिकाच्या धुळीने फुफ्फुसाचा कॅन्सरही होतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९७ सालीच तसं जाहीर केलंय.

सगळ्यात जास्त धूळ कुठं असते? नॉकआऊट (साचा फोडून कास्टिंग काढणं), फेटलिंग (कास्टिंग घासून साफ करणं), सँड प्लांट (वाळू तयार करायची जागा) हे सगळ्यांना माहितीय. पण एक काम लोक विसरतात, इंडक्शन फर्नेसचं, म्हणजे विजेवरच्या भट्टीचं जुनं लायनिंग (आतलं अस्तर) फोडणं. ते अस्तर ज्याचं करतात ती रॅमिंग मास म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिकाच, भाजून भाजून भुगा व्हायला आलेली असते, आणि माणूस ब्रेकर घेऊन त्या खड्ड्यात उतरतो, वर पेडेस्टल फॅन लावलेला. त्या दोन-तीन तासांत जेवढं आत जातं तेवढं बाकीच्या दिवसांत जात नसेल. त्या दिवशी तरी साधा मास्क चालणार नाही, आम्हाला आधी फोन करा.

धूळ आहे का नाही हे बघायला मशिन लागत नाही. सकाळी पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप आत येते ना, तिच्यात काय नाचतंय बघा. नाईट शिफ्टला एक जोरदार टॉर्च घ्या, धुळीच्या पलीकडून आपल्याकडं मारा, उजेड थेट डोळ्यात येणार नाही असा हात आडवा धरा आणि कामगाराच्या नाकापाशी बघा. आम्ही जिथं जिथं हे दाखवलं तिथं मालक एक मिनिट गप्पच होतात.

मग करायचं काय, तर वाळू थोडी ओली ठेवा, कोरडा झाडू बंद करा, आणि कॉम्प्रेसरच्या हवेनं अंग, कपडे, मशिन झाडायची सवय आजपासून बंद करा, हात जोडून सांगतोय. सक्शन बसवलं असेल तर त्याचं तोंड कामाला चिकटून पाहिजे. ८ इंची पाईप असेल तर तोंडापासून ८ इंच लांब गेलं की ओढ साधारण १० टक्केच उरते, म्हणजे दोन फुटांवर टांगलेलं हूड, म्हणजे सक्शनचं तोंड, नुसतं लाईटबिल वाढवतं. ऑपरेटर धूळ आणि एक्झॉस्टच्या मधे उभा राहणार नाही एवढंही बघा.

आता मास्क. रुमाल, पंचा, कापडी मास्क, दवाखान्यातला निळा मास्क, ह्यातलं काहीच ह्या धुळीला चालत नाही. आयएस ९४७३ हा भारतीय मानकाचा नंबर छापलेला एफएफपी२ दर्जाचा धुळीचा मास्क घ्या, हा निदान ९४ टक्के कण अडवतो, फेटलिंगला आणि लायनिंगला एफएफपी३, तो ९९ टक्के. पण हे आकडे नुसत्या कापडाचे आहेत, चेहऱ्यावर नीट बसला तरच खरे. मागं एक फेटलिंगवाले दादा आले, म्हणाले तुमचा मास्क बोगस आहे. मी म्हटलं दाखवा. मास्क काढला तर नाकाच्या दोन्ही बाजूंनी काळी रेघ, डोळ्यांच्या कोपऱ्यापर्यंत. म्हणजे तिथनंच हवा आत शिरत होती. वरची क्लिप दाबलेलीच नव्हती आणि खालचा पट्टा गळ्याला टोचतो म्हणून कापून टाकलेला. एक पट्टा डोक्यावर, एक मानेवर, क्लिप दोन्ही हातांच्या बोटांनी दाबायची, जोरात श्वास सोडायचा, डोळ्यांना वारा लागला तर परत बसवायचा. दाढीवर कुठलाच मास्क बसत नाही. धुवायचा नाही. श्वास ओढायला जड झाला, आतून मळला, पट्टा सैल पडला की टाकून द्यायचा. आणि खिळ्याला टांगून ठेवू नका, रात्रभर त्याच्या आतच धूळ साठते, डब्यात ठेवा.

कोअर शॉपवाल्यांनो (साच्याच्या आत बसवायचे वाळूचे गाभे करणारे), तुमचं वेगळं. धुळीचा मास्क गॅस अडवत नाही. कोल्ड बॉक्स पद्धतीत कोअर घट्ट करायला जो अमाईन गॅस सोडतात त्याने डोळ्यापुढं निळसर धुकं दिसतं, दिव्याभोवती वलय दिसतं, ते गॅस गळतोय ह्याची खूण आहे, डोळ्यांचा नंबर वाढला म्हणून सोडून देऊ नका. तिथं कार्ट्रिजचा, म्हणजे गॅस अडवणारी डबी लावलेला मास्क लागतो आणि मुळात गळती बंद करायला लागते.

गूळ खाल्ला की छातीतली धूळ निघते का, हे सगळेच विचारतात. आपल्या कोल्हापूरचा गूळ चांगलाच आहे, जरूर खा, पण तो पोटात जातो आणि धूळ छातीत, त्यामुळं शिफ्ट सुटताना गुळाचा खडा दिला की मालकाचं काम संपलं असं होत नाही. विडी-सिगारेट असेल तर नुकसान आणखी जास्त धरा.

शेवटी तब्येतीचं, हे मी जरा मनापासून लिहितोय. माझे वडील फेटलिंगला होते. खोकला, वजन कमी, दोनदा टीबीचा कोर्स झाला आणि एकदाही कोणी विचारलं नाही की मामा, काम काय करता. तिसऱ्या डॉक्टरनं विचारलं, एक्सरे परत लावून बघितला आणि मग कळलं की हा सिलिकोसिस आहे. सिलिकोसिस असलेल्याला टीबी लवकर होतो, दोन्ही बरोबर असू शकतात, त्यामुळं टीबीच्या गोळ्या मनानं बंद करू नका, पण डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगा की मी फाउंड्रीत इतकी वर्षं अमुक काम करतो. कामाला लागतानाच एक छातीचा एक्सरे आणि फुंकायची टेस्ट, म्हणजे पीएफटी, करून कागद घरी जपून ठेवा, पुढं तुलना त्याच्याशीच होते. जिना चढताना पूर्वीपेक्षा जास्त धाप लागायला लागली, तर वय झालं म्हणून गप्प बसू नका. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यापासूनच सिलिकोसिस हा सरकारला कळवायचा आजार आहे, आणि ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात, तो कामामुळं झालेला आजार धरतात, तेव्हा कार्ड असेल तर वापरा, तो उपकार नाही, तुमचा हक्क आहे.

मास्क कसा बसतो ते आम्ही दुकानात बघून देतो, त्याचे पैसे घेत नाही, सुपरवायझरनी चार-पाच माणसं एकदम पाठवली तरी चालेल. येताना वापरलेला मास्क फेकू नका, पिशवीत घालून घेऊन या, आतली बाजू बघितली की कुठून गळतोय ते लगेच कळतं.