टीव्हीचा मॉनिटर होतो, पण अक्षरांचं काय?

जून उजाडला की वर्तमानपत्राच्या घडीतून वह्या-दप्तरांच्या जाहिरातींसोबत एक चकचकीत पत्रक गळून पडतं: ‘मुलांच्या खोलीसाठी टू-इन-वन! टीव्हीही, मॉनिटरही!’ आमच्या नाशिकच्या इंदिरानगरात ते हातात घेऊन आईवडील पहिला प्रश्न विचारतात, ‘किती इंची घेऊ?’ दुसरा, ‘फोर-के घ्यावा का?’ पडदा आणि पोराचे डोळे यांच्यात अंतर किती राहणार, हे कुणीच विचारत नाही. गणित सुरू होतं ते तिथून.

निरोगी डोळ्याला दोन ठिपके वेगळे दिसायचे तर त्यांच्यात साधारण एक मिनिटाचा, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाचा कोन लागतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडचा ६/६ चा तक्ता याच मापावर बेतलेला आहे. खिशातली नवी जांभळट शंभराची नोट काढा. तिच्यावर बारीक अक्षरांत ‘भारत’ छापलेलं आहे, पण नुसत्या डोळ्यांना ती रेघच वाटते. भिंग धरलं की अक्षरं उमटतात. नोट तीच, फक्त कोन मोठा झाला. नोटा छापणाऱ्या नाशिकमध्ये हे वेगळं सांगायला नको.

आता २४ इंची पडदा मोजू. रुंदी साधारण ५३ सेंटीमीटर. ‘एचडी रेडी’ पडद्यावर या रुंदीत १३६६ ठिपके म्हणजे पिक्सेल बसवतात, म्हणून एक पिक्सेल ०.३९ मिलिमीटरचा. ‘फुल एचडी’त १९२० बसतात, पिक्सेल ०.२८ मिलिमीटरचा. पलंगावरून आठ फुटांवरचा टीव्ही पाहताना त्या एका मिनिटाच्या कोनाच्या हिशेबाने डोळ्याची मर्यादा ०.७ मिलिमीटरची असते, त्यामुळे दोन्ही पडदे सारखेच गुळगुळीत दिसतात. टेबलाशी ६० सेंटीमीटरवर बसलं की तीच मर्यादा ०.१७ वर येते. दोन्ही पडद्यांचे पिक्सेल तिच्याहून मोठे, पण एचडी रेडीचे दुपटीहून जास्त, म्हणून तो चांगलाच दाणेदार दिसू लागतो. थोडक्यात, टू-इन-वन वस्तू जोखायची ती मॉनिटर म्हणून. टीव्हीचं काम ती आपसूक करते. दुकानात मात्र ती सहा फुटांवर टांगलेली असते आणि तिच्यावर मोर नाचत असतो.

त्यात आपली लिपी देवनागरी. इंग्रजीचा ‘ई’ सात-आठ पिक्सेलच्या उंचीतही ओळखू येतो. ‘उद्ध्वस्त’ लिहायचं तर शिरोरेषा, जोडाक्षर, कधी वर रफार, कधी खाली उकार, सगळं तेवढ्याच उंचीत कोंबावं लागतं. आठवीतला मुलगा मराठीचं पीडीएफ उघडून पुढे वाकतो, तेव्हा ‘पाठ सरळ कर’ म्हणण्याआधी पडद्यावरच्या ‘द्ध’कडे जरा पाहा.

यापुढचा भाग माझ्या आवडीचा आहे, म्हणून थोडा लांबेल. पिक्सेल पुरेसे असूनही टीव्हीवर रंगीत अक्षरं फुटल्यासारखी दिसतात. कारण आपल्या दृष्टिपटलात आहे. उजेड-अंधारातला बारीक फरक आपण छान टिपतो, रंगांतला फरक तेवढ्या बारकाईने टिपत नाही. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यबिंदूपाशी निळा रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तर नसतातच. ही उणीव टीव्हीच्या इंजिनिअरांनी फार पूर्वी हेरली. १९८२ मध्ये आपल्याकडे दूरदर्शन रंगीत झालं, तेव्हा पाल या प्रसारण पद्धतीत चित्राच्या उजेडाला ५ मेगाहर्ट्झची वाट होती आणि रंगांना जेमतेम १.३. कुणाला काही खटकलं नाही.

डिजिटल जमान्यातही तीच काटकसर चालू आहे. चार पिक्सेलचा एक चौकोन घ्या. प्रत्येकाचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, म्हणजे एकूण बारा. त्याऐवजी चारही पिक्सेलचा उजेड वेगवेगळा ठेवायचा (चार आकडे) आणि रंग चौघांत मिळून एकच (दोन आकडे). बाराचे सहा झाले! यालाच ४:२:० म्हणतात. यूट्यूब, ओटीटी, ब्ल्यू-रे, सगळीकडे हेच. उजेडाचा आकडा काढताना हिरव्याला सुमारे ७२ टक्के वजन, लालला २१ आणि निळ्याला फक्त ७. म्हणून पांढऱ्यावर काळं अक्षर ठणठणीत राहतं, कारण तिथला सगळा फरक उजेडाचा. निळ्यावर लाल अक्षर आलं की उजेडाचा फरक किरकोळ, सगळी भिस्त रंगावर, आणि रंग तर चौघांत वाटलेला. कडा भुगा होतात. लॅपटॉप पूर्ण माहिती पाठवत असला तरी बरेच टीव्ही आतल्या आत ही कपात करतात. एचडीएमआय इनपुटला मेनूत जाऊन ‘पीसी’ असं नाव दिलं की अनेक संच ती थांबवतात आणि ४:४:४, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग, दाखवतात. हे दुकानदारालाही सहसा ठाऊक नसतं.

‘जवळ बसू नको, डोळे जातील’ या आजीच्या धाकाला एक खरा धागा आहे. १९६७ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या काही रंगीत टीव्हींतून प्रमाणाबाहेर क्ष-किरण निघत असल्याचं उघड झालं होतं. एलसीडी पडद्यात क्ष-किरण तयारच होत नाहीत. तरी ‘रेडिएशन शोषणारे’ स्टिकर आणि मॉनिटरशेजारी ठेवायचं निवडुंग अजून विकलं जातं. निवडुंग निदान दिसतं तरी बरं. निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांचा गाजावाजाही तसाच. वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये १७ चाचण्यांचा आढावा घेतला, त्यात डोळ्यांचा शीण अशा चष्म्याने कमी होतो असं दिसलं नाही. मुलांचा चष्म्याचा नंबर लागू न देण्यासाठी भरवशाचा पुरावा आहे तो बाहेरच्या उजेडात खेळण्याचा. गोल्फ क्लब मैदान त्यासाठी फुकट आहे.

बाकीचं भरभर. पडद्याच्या कडा कापल्या जात असतील, स्टार्ट बटण अर्धवट दिसत असेल, तर तो ओव्हरस्कॅन; ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ लावा. शार्पनेस कमी करत न्या, वाढवल्याने अक्षरांभोवती पांढरी झालर येते. सेट-टॉप बॉक्स आणि कॉम्प्युटर दोन्ही जोडायचे तर एचडीएमआयची दोन तोंडं हवीत. आणि टेबलावर वापरायचा पडदा भिंतीवर उंच ठोकू नका, वरची कड डोळ्यांच्या रेषेत असू द्या.

दुकानात जाताना लॅपटॉप आणि केबल घेऊन जा. वर्डमध्ये निळ्यावर लाल, दहा पॉइंटात ‘उद्ध्वस्त, शुद्ध, कृष्ण, लक्ष्मी’ लिहा, झूम १०० टक्के ठेवा आणि हातभर अंतरावरून वाचा. त्याच ओळी काळ्यावर पांढऱ्या करून पुन्हा वाचा. इनपुट ‘पीसी’ केल्यावरही लाल ओळीचा भुगाच राहिला, तर तो टीव्ही हॉलसाठी ठीक आहे. मुलाच्या टेबलासाठी साधा फुल एचडी मॉनिटर घ्या, त्याला टीव्हीची काठी (स्ट्रीमिंग स्टिक) जोडा आणि स्पीकर नसेल तर तोही वेगळा घ्या.