वरची पट्टी कुठं गेली?

मावशीचा फोन रात्री साडेनऊला आला. “अरे, लॅपटॉप चालू होतो, पण वरची पट्टीच नाही. मेनू नाही, घड्याळ नाही, काही नाही. चारदा बंद करून चालू केला, तरी तेच.” तिच्या जुन्या लॅपटॉपवर मी विंडोजऐवजी झुबुंटू, म्हणजे लिनक्सची एक आवृत्ती, टाकून दिलं होतं. गल्लीतल्या भिशीचा बारा वर्षांचा हिशेब त्यात आहे. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्यानं तिला सांगितलं होतं, “फॉरमॅट मारावं लागेल.”

हा सल्ला ऐकला की माझ्या पोटात कालवतं. लिनक्सवर पट्टी किंवा आयकॉन दिसेनासे होणं हा अगदी किरकोळ बिघाड आहे. बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत तो निघतो आणि एकही फाइल हलत नाही. तरीसुद्धा त्यापायी किती तरी लोकांचे फोटो, हिशेब, प्रबंधांचे कच्चे खर्डे पुसले गेले असतील. पट्टी म्हणजे नेमकं काय, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही म्हणून.

तर पट्टी, म्हणजे पॅनल, हा एक प्रोग्राम आहे. हिशेबाचा, गाणी वाजवण्याचा, तसाच हाही एक. लिनस टॉरवाल्ड्सनं १९९१ मध्ये हेलसिंकीत लिनक्सच्या ज्या गाभ्याला (कर्नलला) हात घातला, त्या गाभ्याला मेनू आणि आयकॉन यांतलं काहीही कळत नाही. तो मेमरी वाटून देतो, डिस्क सांभाळतो, प्रोग्रामांना पाळी देतो. पडद्यावर चौकोन काढण्याचं काम एक्स विंडो सिस्टिमचं. ती त्याहून जुनी, १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत सुरू झालेली. (आता तिची जागा हळूहळू वेलँड ही नवी यंत्रणा घेत आहे.) एक्सच्या कर्त्यांनी एक गोष्ट मुद्दाम हातात घेतली नाही: विंडोला चौकट कशी असावी, मेनू कुठं असावा, हे एक्स ठरवत नाही. ते वरच्या प्रोग्रामांनी आपसांत बघून घ्यायचं.

झुबुंटूवर ही वरची मंडळी एक्सएफसीई या संचातली असतात. ऑलिव्हिए फूर्दाँ या फ्रेंच प्रोग्रामरनं १९९६ मध्ये तो सुरू केला. कमी ताकदीच्या मशीनवर तो छान चालतो, म्हणून जुन्या लॅपटॉपवर मी तोच टाकतो. तुम्ही लॉगिन केलंत की एक्सएफसीईचा सेशन मॅनेजर (लॉगिनपासून लॉगआउटपर्यंतचा काळ म्हणजे सेशन) पाच जणांना हाक मारतो. एक जण विंडोंना चौकट आणि शीर्षकपट्टी लावतो. एक जण थीम, फाँट, कीबोर्डचे शॉर्टकट बघतो. एक जण पॅनल काढतो. चौथा फाइल मॅनेजर, तो पडद्यामागे तयार उभा असतो. पाचवा वॉलपेपर आणि त्यावरचे आयकॉन रंगवतो. आपण ज्याला एका शब्दात ‘डेस्कटॉप’ म्हणतो तो या पाच जणांचा मिळून मांडलेला संसार. एक जण कोसळला तरी उरलेले चौघं काम करत राहतात.

त्यामुळे काय दिसत नाही यावरून कोण पडलं ते ओळखता येतं. वॉलपेपर आहे, आयकॉन आहेत आणि फक्त पट्टी नाही: पॅनल गेलं. पट्टी आहे पण मागं नुसता काळा किंवा एकरंगी पडदा, माउसची उजवी कळ दाबली तरी मेनू उघडत नाही: आयकॉनवाला गेला. विंडो उघडतात पण त्यांना वरची शीर्षकपट्टी नाही, त्या सरकवता येत नाहीत, कधी कधी टाइपही करता येत नाही: चौकटवाला गेला. आणखी एक बारीक खूण मला फार आवडते. पॅनल जिवंत असताना ते चौकटवाल्याला सांगून ठेवतं, की पडद्याच्या या कडेला एवढी जागा माझी, इथं कुणाला येऊ देऊ नको. म्हणून विंडो मोठी केली तरी ती पट्टीखाली जात नाही. पॅनल मेलं की ते आरक्षण त्याच क्षणी रद्द होतं आणि मोठी केलेली विंडो थेट वरच्या कडेला जाऊन टेकते.

मावशीला मी विचारलं, “मागचं चित्र आहे का? आयकॉन आहेत का?” होते. मग फोनवरूनच सांगितलं: ऑल्ट आणि एफ-२ एकदम दाब. लहानशी चौकट उघडली. ही चौकट पॅनलवर अवलंबून नसते, शॉर्टकटवाला ती उघडतो, म्हणून अशा वेळी ती हाताशी असते. तिच्यात पॅनलच्या प्रोग्रामचं नाव टाइप करायचं होतं: एक्स, एफ, सी, ई, मग इंग्रजी ४ चा आकडा, मग आडवी जोडरेघ, मग पॅनल हा शब्द. सगळी छोटी लिपी, मध्ये जागा सोडायची नाही. पहिल्यांदा काहीच झालं नाही. पॅनलच्या शेवटी तिनं दोनदा एल दाबला होता. दुसऱ्या खेपेला एंटर दाबलं आणि फोनवरच ओरडली, “आली! घड्याळासकट आली!”

आयकॉन गेले असते तर त्याच चौकटीत एक्स, एफ आणि लगेच डेस्कटॉप एवढंच टाइप करायचं होतं. हेच नाव टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या विंडोत, टाइप केलं तरी चालतं, पण मग टर्मिनल बंद केलं की त्याच्यासोबत पॅनलही जाऊ शकतं. म्हणून ऑल्ट आणि एफ-२ बरं.

पण मग चारदा बंद-चालू करूनही पट्टी का आली नव्हती? या बिघाडातली खरी गाठ इथं आहे.

लॉगआउट करताना एक्सएफसीई जी चौकट दाखवतं तिच्या तळाशी एक टिकेचा चौकोन असतो: पुढच्या लॉगिनसाठी सेशन जपून ठेवायचं का? तिथं टिक असली की सेशन मॅनेजर त्या क्षणी चालू असलेल्या प्रोग्रामांची यादी लिहून ठेवतो आणि पुढच्या वेळी मूळ पाच जणांऐवजी त्या यादीतल्यांना हाक मारतो. सोय उत्तम आहे. काल उघडे ठेवलेले कागद आज जागेवर मिळतात. मावशीचं पॅनल दुपारी एकदा कोसळलं होतं. तिनं घाबरून पॉवरचं बटण दाबलं, चौकट आली, टिक आधीपासून होती, ती ‘शटडाउन’ म्हणाली. यादी लिहिली गेली, आणि त्या यादीत पॅनल नव्हतंच. त्यानंतर लॅपटॉप दर वेळी त्या यादीशी इमान राखून सुरू होत होता. पट्टी नसलेली अवस्था हीच आता त्याची नेहमीची अवस्था होती, म्हणून कितीही रीस्टार्ट केलं तरी फरक पडणार नव्हता.

यावर उपाय म्हणजे ती यादी पुसणं. सेटिंग्जमध्ये ‘सेशन अँड स्टार्टअप’ आहे, तिथं जपलेली सेशन्स पुसायचं बटण मिळतं. ते बटणही सापडत नसेल तर आपल्या होम फोल्डरमधल्या ‘डॉट कॅश’ या लपलेल्या फोल्डरात ‘सेशन्स’ नावाचा फोल्डर असतो, त्यातल्या फाइली काढून टाकायच्या. यादी नाही म्हटल्यावर सेशन मॅनेजर मूळ पाच जणांकडे वळतो. त्या मूळ यादीचं नावच फेलसेफ, म्हणजे अडीअडचणीला हमखास चालणारी, असं आहे. शेवटी लॉगआउटच्या चौकटीतली टिक काढायची.

लपलेल्या फोल्डरांची एक गोष्ट सांगायलाच हवी. लिनक्स ज्याच्या धर्तीवर बनलं त्या युनिक्सच्या सुरुवातीच्या दिवसांत प्रत्येक फोल्डरात दोन विशेष नोंदी आल्या: एक टिंब, म्हणजे ‘हाच फोल्डर’, आणि दोन टिंबं, म्हणजे ‘वरचा फोल्डर’. फाइलींची यादी दाखवताना या दोन नकोत, म्हणून यादीच्या प्रोग्रामात सोपी तपासणी घातली गेली: नावाचं पहिलं अक्षर टिंब असेल तर सोडून दे. युनिक्स जिथं जन्मलं त्या बेल लॅब्जमध्ये काम केलेले रॉब पाइक यांनी ही हकिगत सांगितली आहे. त्या आळशी तपासणीतून टिंबानं सुरू होणारी झाडून सगळी नावं दिसेनाशी झाली आणि प्रोग्राम आपली सेटिंग्ज तिथं ठेवू लागले. आज फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबा. इतके दिवस न दिसलेले ‘डॉट कॉन्फिग’, ‘डॉट कॅश’, ‘डॉट लोकल’ समोर येतील.

पॅनल सुरू होतं पण रिकामं असतं, अर्धवट असतं किंवा सगळी बटणं एकमेकांवर चढलेली असतात, तेव्हा दोष या ‘डॉट कॉन्फिग’मध्ये शोधायचा. तिथं एक्सएफसीईच्या फोल्डरात पॅनलची फाइल आहे, कुठल्याही एडिटरमध्ये उघडून वाचता येईल अशी. पट्टी कुठल्या कडेला, जाडी किती, लांबी शेकडा किती, कोणती बटणं कोणत्या क्रमानं, सगळं ओळीवार लिहिलेलं. तुमची पट्टी म्हणजे हा मजकूर आणि तो वाचून चित्र काढणारा प्रोग्राम. ही फाइल अजिबात नसली तरी प्रोग्राम अडून बसत नाही. तो सिस्टिमच्या फोल्डरातली मूळ मांडणी उचलतो. काही जुन्या आवृत्त्या विचारतातसुद्धा: मूळ मांडणी हवी की एक रिकामी पट्टी? म्हणजे आपली सेटिंग्ज हा मूळ मांडणीवर चढवलेला एक थर आहे, आणि थर बाजूला केला की खालचं जसंच्या तसं मिळतं.

इथं एक गोम आहे आणि तिच्यापायी अनेक जण हात टेकतात. सेटिंग्ज सांभाळणारा आणखी एक प्रोग्राम पडद्यामागे चालू असतो, एक्सएफकॉन्फ-डी. त्यानं ती फाइल आधीच वाचून मेमरीत घेतलेली असते. तुम्ही फाइल काढून टाकता, पॅनल पुन्हा सुरू करता, पॅनल त्याच्याकडे मांडणी मागतं आणि तो मेमरीतली जुनीच मांडणी देतो. शिवाय पहिला बदल होताच तीच फाइल पुन्हा लिहूनही टाकतो. काढलेली फाइल परत आलेली पाहून माणसाला वाटतं, मशीनच नासलं. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी पॅनल बंद करायचं, मग एक्सएफकॉन्फ-डी बंद करायचा, मग फाइलीला हात लावायचा, मग पॅनल सुरू करायचं. आणि हात लावायचा म्हणजे पुसायची नाही, नाव बदलायचं. शेवटी ‘जुनी’ असं जोडा. नाव बदललेली फाइल प्रोग्रामला सापडत नाही, पण तुम्हाला सापडते.

पडद्यावर काहीच हाती लागत नसेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकदम दाबा. काळ्या पडद्यावर लॉगिन विचारलं जाईल आणि फाइलींचं काम तिथूनही होतं. तिथं गेल्यावर डिस्कमध्ये जागा किती उरली ते मी आधी बघतो. डिस्क काठोकाठ भरली की प्रोग्रामांना आपली नोंद लिहायला जागा राहत नाही. काही सुरूच होत नाहीत, काही अर्धवट होतात. लिनक्सवर सर्रास वापरली जाणारी ईएक्सटी-४ फाइल सिस्टिम साधारणपणे ५ टक्के जागा ‘रूट’ या सर्वाधिकारी वापरकर्त्यासाठी राखून ठेवते. त्यामुळे तुमची बाजू तुडुंब भरली तरी यंत्रणा चालू राहते आणि दुरुस्तीला वाट मिळते.

आयकॉनांची एक तऱ्हा मात्र आपल्या मराठी लोकांच्या वाट्याला हमखास येते. ओळखीच्या एका शिक्षिकेनं उबुंटूची (हीही लिनक्सचीच एक आवृत्ती) भाषा हौसेनं मराठी केली. पुढच्या लॉगिनला प्रश्न आला: नेहमीच्या फोल्डरांची नावं नव्या भाषेत करायची का? त्यांनी ‘हो’ म्हटलं, आणि डेस्कटॉपवरच्या प्रश्नपत्रिका दिसेनाशा झाल्या. झालं होतं एवढंच, की मराठी नावाचा नवा फोल्डर तयार झाला आणि पडदा आता तो दाखवत होता. जुन्या, इंग्रजी नावाच्या फोल्डरातला माल हलवला जात नाही. तसं त्या प्रश्नातच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. होम फोल्डर उघडला, दोन्ही फोल्डर शेजारी शेजारी होते, फाइली इकडून तिकडे ओढल्या, झालं. कोणता फोल्डर ‘डेस्कटॉप’ मानायचा ते ‘डॉट कॉन्फिग’मधल्या एका छोट्या फाइलीतली एक ओळ ठरवते. आपली भाषा निवडणाऱ्या माणसाला असा धक्का बसू नये असं मला मनापासून वाटतं. तो प्रश्न दिसला तर ‘जुनीच नावं ठेवा’ हे उत्तर द्या. मेनू मराठीत राहतील आणि फाइली जागेवर.

काही वेळा तर बिघाडही नसतो. ग्नोम या दुसऱ्या मोठ्या डेस्कटॉपनं २०११ मध्ये तिसरी आवृत्ती आणताना जुन्या धाटणीचं पॅनलच काढून टाकलं. ते ज्यांना हवं होतं त्यांच्यासाठी अर्जेंटिनातल्या एका प्रोग्रामरनं जुन्या ग्नोमपासून वेगळी शाखा काढली, तिचं नाव मेट. आणि २०१८ च्या ३.२८ आवृत्तीत ग्नोमच्या फाइल मॅनेजरनं डेस्कटॉपवर आयकॉन दाखवणंही सोडलं. अशा ठिकाणी एक्स्टेन्शन, म्हणजे छोटा जोड-प्रोग्राम, बसवावं लागतं. मेटच्या पॅनलला स्वतःला मूळपदावर आणायची ‘रीसेट’ सूचना आहे. सिनॅमन या आणखी एका डेस्कटॉपवर कंट्रोल, ऑल्ट, एस्केप दाबलं की सगळा डेस्कटॉप उघड्या विंडो न मिटवता पुन्हा उभा राहतो. केडीई या डेस्कटॉपवर पॅनल आणि वॉलपेपर दोन्ही प्लाझ्माशेल हा एकच प्रोग्राम काढतो, म्हणून तिथं दोन्ही एकदम जातात. आणि प्रोजेक्टर जोडून व्याख्यान दिलं असेल तर पट्टी अजून त्या दुसऱ्या पडद्याच्या नावावर असू शकते; डिस्प्लेच्या सेटिंग्जमध्ये बघा.

कुठलीही मोडतोड करण्याआधी एक चाचणी करा, ती मी कधीच चुकवत नाही. सिस्टिमवर नवा वापरकर्ता तयार करा आणि त्याच्या नावानं लॉगिन करा. तिथं पट्टी आणि आयकॉन नीट दिसले तर प्रोग्राम धडधाकट आहेत आणि दोष तुमच्या होम फोल्डरातल्या एखाद्या फाइलीत आहे. तिथंही नसतील तर पॅकेज किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर तपासायचा.

मावशीच्या लॅपटॉपवर त्या रात्री यादी पुसली, टिक काढली, रीस्टार्ट केलं. पट्टी आली. पुढच्या रविवारी तिच्याकडे गेलो तेव्हा पॅनलच्या सेटिंग्जमधून तिच्या मांडणीची प्रत काढली: डावीकडे मेनू, मग भिशीच्या हिशेबाचं बटण, उजवीकडे मोठ्या अक्षरांतलं घड्याळ. ती छोटीशी फाइल तिच्या पेन ड्राइव्हवर आहे, भिशीच्या हिशेबाच्या प्रतीशेजारी.