मोठा फिश टँक आणि मराठवाड्यातील उन्हाळा : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यातील बहुतेक शहरांत दुपारचे तापमान ४० अंशांच्या पुढे जाते आणि वरच्या मजल्यावरील फ्लॅटमध्ये दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. अशा घरात चार फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच टाकी असेल, म्हणजे सुमारे ४५० लिटर पाणी असेल, तर ग्राहक सहसा प्रथम चिलरची, म्हणजे टाकीतील पाणी थंड करणाऱ्या यंत्राची, चौकशी करतात. चिलर आम्ही विकतो व बसवूनही देतो. तरीही आमचा सल्ला असा आहे की तो सर्वांत शेवटी घ्यावा.

टाकीवरील प्रत्येक उपकरण जेवढी वीज घेते, तेवढी उष्णता शेवटी पाण्यात किंवा खोलीत सोडते. पाण्यात बुडालेल्या पंपाची जवळजवळ सगळी उष्णता पाण्यातच जाते. पंप आणि दिवे मिळून १०० वॅट उष्णता पाण्यात सतत जात असेल व तिला बाहेर पडायला वाटच नसेल, तर ४५० लिटर पाणी साधारण सव्वापाच तासांत एक अंशाने तापते. म्हणून उन्हाळ्यात हीटरचा प्लग काढून ठेवावा, जुन्या ट्यूबऐवजी एलईडी दिवे वापरावेत आणि ते भर दुपारी न लावता टायमरने सायंकाळी सहा ते रात्री अकरा या वेळेत लावावेत. पश्चिमेच्या भिंतीला टेकून टाकी ठेवू नये. मात्र भरलेल्या टाकीचे वजन अर्ध्या टनाहून अधिक असते, त्यामुळे तिची जागा आम्हाला विचारल्याशिवाय बदलू नये.

पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो : २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम मावतो, तर ३५ अंशांना जेमतेम ७. त्याच वेळी माशांची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर एअर पंप लगेच वाढवावा आणि त्या दिवशी खाद्य देऊ नये. गोल्डफिशला ही उष्णता सर्वांत आधी बाधते. डिस्कस या माशाला २८ ते ३० अंश मानवतात, त्यामुळे त्याच्या टाकीत थोड्या वाढीने घाबरून जाण्याचे कारण नाही.

आता मुख्य उपायाकडे वळू. आपल्याकडील उन्हाळा कोरडा आहे आणि कोरड्या हवेत पाण्याची वाफ झपाट्याने होते. टाकीतील एक लिटर पाण्याची वाफ होताना ती जी उष्णता घेऊन जाते, ती ४५० लिटर पाणी सव्वा अंशाहून अधिक थंड करण्याइतकी असते. याउलट एक किलो बर्फ तेवढेच पाणी जेमतेम पाव अंशाने थंड करतो. शिवाय तो बर्फ करताना फ्रिजने त्याहून अधिक उष्णता आपल्याच स्वयंपाकघरात सोडलेली असते, आणि बर्फाच्या बाटल्या एकदम टाकल्याने होणारा अचानक बदल माशांना सोसत नाही. म्हणून काचेचे झाकण काढून तेथे बारीक जाळी बसवावी, पाण्याची पातळी इंचभर खाली ठेवावी आणि पृष्ठभागावर तिरका वारा लागेल असे दोन लहान पंखे लावावेत. पाणी दोन ते चार अंशांनी खाली राहण्यास एवढे बहुधा पुरते. दमट झालेली हवा खोलीबाहेर गेली पाहिजे, यासाठी एक्झॉस्ट फॅन किंवा खिडकी हवीच. कूलर लावलेल्या खोलीत हवा आधीच ओलसर असल्याने या पंख्यांचा प्रभाव घटतो. पण समोरची खिडकी उघडी ठेवल्यास खोलीच थंड राहते व टाकीलाही लाभ होतो. पावसाळ्यात हवा दमट झाल्यावर पंखे बंद केले तरी चालतील.

पंखे लावलेल्या एवढ्या टाकीतून दिवसाला चार-पाच लिटर पाणी उडून जाऊ शकते, आणि ज्या भागात नळाला काही दिवसांआड पाणी येते तेथे हा खर्च लहान नाही, याची आम्हाला जाणीव आहे. उडालेल्या पाण्यातील क्षार टाकीतच राहतात. आपल्या काळ्या कातळातील बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्याचीच भर घालत राहिल्यास क्षार वाढत जातात. त्यामुळे रोजची भर आरओच्या शुद्ध पाण्याने घालावी.

एवढे करूनही सायंकाळी पाणी आपल्या माशांना सोसेल त्याहून उष्ण राहत असेल, तर चिलर घ्यावा. चिलर उष्णता नाहीशी करत नाही. पाण्यातली उष्णता आणि स्वतःच्या विजेची उष्णता तो बाहेर फेकतो. टाकीखालच्या बंद कपाटात ठेवलेला चिलर स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो, म्हणून तो हवेशीर बाल्कनीत, सावलीत ठेवणे उत्तम. एसीच्या खोलीत तो ठेवल्यास त्याने फेकलेली उष्णता बाहेर काढण्यासाठी एसीला पुन्हा वीज लागते.

वीज गेल्यास इन्व्हर्टरवर प्रथम एअर पंप व फिल्टर असावेत, दिवे नसावेत. पंख्यांच्या वायरी प्लगपाशी येण्याआधी खाली वळवून घ्याव्यात, म्हणजे ओघळलेले पाणी प्लगमध्ये शिरणार नाही. टाकीच्या जोडणीला ईएलसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असावा आणि हात पाण्यात घालण्यापूर्वी सर्व उपकरणे बंद करावीत.

चिलरसाठी आमच्याकडे येण्यापूर्वी आठवडाभर सकाळी सहा व सायंकाळी सहा वाजता पाण्याचे तापमान लिहून ठेवावे आणि पंपांचे व दिव्यांचे वॅट टिपून आणावेत. त्यावरून चिलर लागेल की नाही, आणि लागल्यास किती क्षमतेचा, हे आम्ही सांगू.