अजगराला उंदीर गरमच का लागतो?

‘साप मेलेलं खात नाही’ हे आपल्याकडे ‘नाग दूध पितो’ इतक्याच खात्रीने सांगतात, आणि ते तितकंच खोटं आहे. अमेरिका-ब्रिटनमधले कितीतरी पाळीव बॉल पायथन (लहान जातीचे अजगर) जन्मभर फ्रीजरमधल्या उंदरांवर जगतात. (भारतात देशी साप पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे गोष्ट तिकडची.) जिवंत उंदीर पिंजऱ्यात सोडला तर घाबरून सापालाच चावतो, म्हणून मेलेला बरा.

उंदीर आधी कार्बन डायऑक्साइडने मारतात. जिवंत उंदीर थेट फ्रीजरमध्ये टाकणं हा निव्वळ क्रूरपणा. नवजात, केस नसलेली ‘पिंकी’ कमी ऑक्सिजनवर बराच वेळ तग धरते, म्हणून तिला वायूत खूप जास्त वेळ ठेवावं लागतं. मग उंदीर सुटे सुटे, एका थरात गोठवायचे. गठ्ठा कोंबला की मधले उशिरा गोठतात आणि तोवर पोटातले जिवाणू आपलं काम चालू ठेवतात.

खरी गंमत उंदीर फ्रीजरबाहेर आल्यावर आहे. फ्रीजमध्ये रात्रभर ठेवून वितळवलेला गार उंदीर पुढे धरला तर बॉल पायथन बहुधा ढुंकूनही बघत नाही. त्याच्या वरच्या ओठाच्या कडेला बारीक खळग्यांची रांग असते, ती उष्णता टिपते. उंदराच्या सदतीस अंशांच्या अंगातून निघणाऱ्या अवरक्त किरणांची तरंगलांबी नऊ-दहा मायक्रॉनच्या आसपास असते. त्यातल्या एकेका फोटॉनमध्ये इतकी कमी ऊर्जा असते की डोळ्यातलं रंगद्रव्य त्याने हलतसुद्धा नाही. म्हणून खळगा हा प्रकाश ‘बघत’ नाही, त्याने स्वतःच किंचित तापतो. तिथल्या चेतातंतूंच्या टोकांवर टीआरपीए-१ नावाचं प्रथिन असतं. तापमान ठरावीक पातळीपुढे गेलं की त्याचं दार उघडतं, आयन (विद्युतभारित कण) आत घुसतात आणि चेतापेशी संदेश सोडते. २०१०मध्ये डेव्हिड ज्युलियस (पुढे २०२१चे नोबेल मानकरी) यांच्या गटाने दाखवलं की रॅटलस्नेकमध्ये (शेपटी वाजवणारा विषारी साप) हे दार २८ अंशांच्या सुमारास उघडतं, तर अजगरात ३३च्या. संदेश ट्रायजेमिनल या चेहऱ्याच्या चेतेवाटे मेंदूच्या ज्या भागात पोचतो, तिथेच डोळ्यांचंही चित्र येतं. दोन्ही नकाशे तिथे एकावर एक बसतात.

हेच प्रथिन आपल्याकडेही आहे. मोहरी फेसताना नाकात जो झणका जातो, तो त्याचाच. एकाच दाराला सापात उष्णतेची किल्ली लागते आणि आपल्यात मोहरीची!

त्यामुळे वितळलेला उंदीर बंद पिशवीत घालून चाळीसेक अंशांच्या पाण्यात काही मिनिटं बुडवायचा. काहीजण डोकं थोडं जास्त गरम करतात, म्हणजे साप तिकडूनच पकडतो आणि केसांच्या दिशेने सरळ गिळतो. कॉर्न स्नेक या दुसऱ्या पाळीव सापाला हे खळगेच नसतात. तो मुख्यतः वासावर जातो. मायक्रोवेव्ह मात्र नकोच. उंदीर कुठे शिजतो, कुठे बर्फच राहतो, कधी चक्क फुटतो.

आणि ‘गोठवलं म्हणजे निर्जंतुक झालं’ हाही भ्रमच. थंडीत साल्मोनेला (पोट बिघडवणारा जिवाणू) मरत नाही, थांबतो. २०१०मध्ये अमेरिकेत माणसांना झालेल्या साल्मोनेलाच्या एका साथीचा माग थेट गोठवलेल्या उंदरांपर्यंत लागला होता आणि बाजारातला माल परत मागवावा लागला. उंदरांचा फ्रीजर स्वयंपाकघरातल्या मटाराच्या पिशव्यांपासून वेगळा ठेवतात, तो किळस येते म्हणून नव्हे.